खासदाराचा नकार

विभावरी आत आली तेव्हा आयनार लुंडे भिंतीवरचे फोटो उतरवत होता. माउंट रॉस्किलमधलं हे छोटंसं कार्यालय. एका बाजूला डेअरी, दुसऱ्या बाजूला केस कापायचं दुकान. चोवीस वर्षं तो इथे बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत आला होता. गेल्या शनिवारच्या निवडणुकीत विभावरीने त्याला पाडलं.

"किया ओरा," असा माओरी नमस्कार करत त्याने खुर्चीवरचा खोका उचलला आणि तिला जागा करून दिली. अर्धवट राहिलेली कामं नव्या खासदाराला समजावून सांगायची म्हणून त्यानेच तिला बोलावलं होतं. तिचा नवरा इंद्रनील बाहेर गाडीत थांबला होता. हरलेल्या माणसाचं फार ऐकत बसू नकोस, लगेच ये, असं तिला सोडतानाच त्याने बजावलं होतं.

आयनार मूळचा नॉर्वेचा. तरुणपणी मासेमारीच्या बोटीवरून आला आणि इथेच राहिला. सुतारकाम केलं, कामगार संघटनेत शिरला, आणि एकदा खासदार झाला तो झालाच. मी परका होतो, तुम्ही मला आपलं केलंत, हे तो दर निवडणुकीत सांगायचा. म्हाताऱ्या आईलाही त्याने नॉर्वेहून आणलं होतं. तिने त्याच्याच घरी, त्याचा हात धरून प्राण सोडला. हेही तो प्रत्येक भाषणात सांगायचा आणि विभावरीला नेमकं तेच झोंबायचं.

तिची आई मिरजेत एकटी होती. आईवडिलांना इकडे आणायचा रस्ता सरकारने तेव्हा बंद केलेला. खासदाराने मंत्र्यांकडे शब्द टाकला तर काही होऊ शकतं, असं कुणीतरी सुचवलं. विभावरी हॉस्पिटलात नर्स. तिच्या शिफ्ट अशा, की तिला इथे यायला कधी जमलंच नाही. इंद्रनीलच खेटे घालत राहिला. एके दिवशी तो घरी आला, बूटही न काढता सोफ्यावर बसला.

"नाही म्हणाला लुंडे," तो म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

त्याच वर्षी आई न्हाणीघरात पडली. शेजाऱ्यांनी दार फोडलं तोवर सगळं संपलं होतं. विभावरीला विमानात जागा मिळून ती मिरजेला पोचली तेव्हा घरात पाहुण्यांच्या चपला होत्या, आई नव्हती.

परत आल्यावर ती लुंडेला जाब विचारायला निघाली होती. इंद्रनीलने तिला अडवलं. त्याच्यापुढे जाऊन रडण्यात काय अर्थ आहे, निवडणुकीला उभी राहा, असं तोच म्हणाला. मग तिच्यासाठी दारोदार फिरला. घरचा स्वयंपाक सांभाळला. आईचा फोटो असलेली पत्रकं त्यानेच छापून आणली. नवरा असावा तर असा, असं मराठी मंडळात बायका एकमेकींना सांगायच्या.

शाळेच्या हॉलमधल्या सभेत विभावरीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, तुमची आई शेवटपर्यंत तुमच्या घरी राहिली, मग माझ्या आईला का येऊ दिलं नाहीत? लोक या कार्यालयात येऊन जे बोलतात ते मी चारचौघांत सांगत नाही, एवढंच आयनार म्हणाला. आधी कुजबुज झाली, मग लोक ओरडायला लागले. तो निवडणूक तिथेच हरला.

आताही तो तसाच शांत होता. एका सामोअन कुटुंबाच्या सरकारी घराला ओल धरली होती, मुलांना दमा होता. एक इराकी डॉक्टर टॅक्सी चालवत होता, त्याच्या परवान्याचं अडलं होतं. कोण कुठे अडकलंय, कुणाला फोन करायचा, सगळं त्याने नीट सांगितलं. ऐकताना विभावरीचा राग वाढतच गेला. एवढ्या सगळ्यांसाठी याला वेळ होता.

उठताना तिला राहवलं नाही. "तुम्हाला झोप लागते का हो?"

आयनारने हातातला फोटो टेबलावर ठेवला.

"आता इथे आपण दोघंच आहोत, आणि प्रकरण तुमचंच आहे, म्हणून बोलतो. मी पुष्कळ विरोधक पाहिले. पण मेलेल्या आईच्या नावाने इतकं खोटं बोलून मतं मागणारं कुणी पाहिलं नव्हतं."

"खोटं?"

"मंत्र्यांनी होकार दिला होता, विभावरी. तुमच्या नवऱ्याला मी इथेच, याच खुर्चीत बसवून सांगितलं. थोड्याच दिवसांनी ते परत आले. म्हणाले, सासूबाईंना यायचंच नाहीये, विनंती मागे घ्या."

बाहेर इंद्रनीलने हॉर्न वाजवला. आयनारने जाऊन तिच्यासाठी दार उघडून धरलं.

"मला वाटलं, त्यांना तुम्हीच पाठवलंय."