न सापडणारी गल्ली

तीन रविवार विश्वेश दारू सोडणाऱ्यांची मीटिंग शोधायला गेला आणि तिन्ही रविवारी पिऊन परतला. "गल्लीच सापडत नाही," तो म्हणायचा. बनारसमध्ये हे कारण कुणी खोटं पाडू शकत नाही.

चौथ्या रविवारी त्याच्या बायकोने, अंबिकाने, पायात चपला सरकवल्या. "चला, मी येते."

बालाजी घाटाच्या पायऱ्या चढून ती पुढे आणि तो मागे. सात वळणं झाली, तिने कुणालाही काही विचारलं नाही. एका शाळेमागच्या खोलीशी ती थांबली. दारातले गृहस्थ लगबगीने उठले.

"भाभीजी, आज कैसे? पीनेवालों के घरवालों की मीटिंग तो मंगल को होती है."

"आज इनको लाई हूँ, भाईसाहब."

विश्वेशचा पाय उंबऱ्यावरच अडला. "मंगळवारी तर तू मंगला गौरीच्या देवळात जातेस ना?"

"आधी तिथेच जायचे," अंबिका म्हणाली. "मग तिथल्याच एकीने इथे आणलं. चार वर्षं झाली. आता आत जा, आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसा. बाकी कुठे पंख्याचा वारा लागत नाही."