मुद्दाम केलेली चूक

निंबकरबाईंनी फळ्यावर ‘सात आठे चौपन्न’ लिहिलं आणि पाठमोऱ्याच थांबल्या. पूर्वी त्यांची ही मुद्दाम केलेली चूक पकडायला वर्गात झुंबड उडायची. ‘बाई, चुकलं’ म्हणत पोरं बाकांवर चढायची. आता प्रत्येकाच्या कानामागे चकती होती, पाढे जन्मतःच पाठ. वर्ग शांतच राहिला. चकत्यांनी परस्पर तक्रार नोंदवली आणि टेबलावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: विसावी चूक. आणखी एक झाली, की नोकरी संपली.

बाईंनी निमूटपणे डस्टर उचललं, तेवढ्यात मैथिली उभी राहिली.

“बाई, चुकलं.”

“चकतीनं कळवलंय, बाळ.”

“आई तुमच्याच वर्गात होती. म्हणते, बाई चुकल्या की आम्ही ओरडायचो. मलाही ओरडायचंय.”

बाईंनी डस्टर ठेवलं, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नऊ साते बासष्ट’.