मागचे दिवे

"मामा, पुन्हा मारा चावी," करंट डॅशबोर्डखालून ओरडला.

मामांनी चावी फिरवली. जुनी पिकअप ढिम्म.

"आता हॉर्न."

हॉर्न मात्र असा वाजला की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. रोग दुसरीकडेच होता.

करंट म्हणजे नाक्यावरचा गाड्यांचा वायरिंगवाला. लोकांनी पाडलेलं हे नाव इतकं चिकटलं होतं की खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. मामा म्हणजे याच पिकअपनं सारा जन्म भाजी वाहिलेले ड्रायव्हर, अख्ख्या पेठेचे मामा. आज करंट अंगणात येऊन अगदी समोर उभा राहिला, तरी त्यांनी "कोण रे?" म्हणून विचारलं. आवाज ऐकल्यावर मात्र पाठीवर थाप मारली. वय झालं की माणूस चेहरे विसरतो, त्यात काय एवढं.

"गंमत बघ," मामा म्हणाले. "मुलगा बसला की पहिल्या झटक्यात चालू. मी बसलो की हिचा संप."

"गाडीसुद्धा माणूस बघून वागते होय?"

"माणसं वागतात तशी. गाडी बिचारी काय करणार."

करंट टेस्टर घेऊन वायरीच्या मागे लागला. चावीपाशी वीज येत होती, सीटच्या पुढे येत नव्हती. त्यानं सीट उचलली. सगळ्या जुन्या, मळक्या वायरींत एकाच ठिकाणी नवी कोरी टेप होती. टेपमधून निघालेली वायर सीटखाली लपवलेल्या एका काळ्या बटणाला जात होती.

त्यानं बटण दाबलं. मामांनी चावी मारली. इंजिन धडधडलं.

मामा इंजिन बंद करून तसेच बसून राहिले.

"चोरासाठी बसवलं असेल," करंट सावरून घेत म्हणाला.

"या घरात चोर एकच. मी." मामांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "म्हातारे झालात, आता घरी बसा, म्हणतो मुलगा. कुठला तरी डॉक्टरही फितवून ठेवलाय. याच स्टिअरिंगवर वाढला रे हा. आणि आता बापाला कोंडून कामाला जातो."

करंटच्या डोक्यात सणक गेली. असले मुलगे त्यानं पाहिले होते. बाप जिवंत असतानाच त्याला फोटोत बसवून मोकळे होतात.

"कापू हे?"

"काप."

त्यानं बटण कापलं, वायर सरळ जोडली आणि बटण मामांच्या तळहातावर ठेवलं. मामांनी ते बोटांनी चाचपलं, उलटंसुलटं केलं. त्यांचे डोळे भरून आले.

"माझे पाय परत दिलेस बघ," ते म्हणाले.

करंटलाही बरं वाटलं. आता हात घातलाच आहे तर पुरतं करावं, म्हणून तो मागे गेला. मागचा एकही दिवा लागत नव्हता. त्यानं लाल काचा उघडल्या, बल्ब काढून खिशात टाकले आणि गंजलेले होल्डर पॉलिश पेपरनं घासायला घेतले.

"डावा पत्रा चांगलाच घासलाय की, मामा. फाटकाच्या खांबालाही रंग लागलाय."

"मुलाची करामत. मला शिकवतो, आणि स्वतःला फाटक दिसत नाही."

दोघंही हसले. तेवढ्यात करंटची बायको आली, कडेवर बाळ आणि खांद्याला फुगलेली बॅग.

"अहो, बस काय माझ्यासाठी थांबणार आहे? स्टँडवर सोडतो म्हणाला होतात. तिकडे आई आजारी, आणि तुम्ही इथे गाडीला मिठी मारून बसलाय."

मग तिला मामा दिसले. ती ओशाळून हसली. मामांनी ओळख दिली नाही. "बरे आहात ना, मामा?" असं तिनं विचारलं, तसा त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, तू होय पोरी."

करंटनं घाईघाईनं होल्डर पुसले, लाल काचा बसवल्या, स्क्रू आवळले आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढला.

"मामा, मागे उभे राहा. ब्रेक दाबतोय. दिवा लागला का सांगा."

"लागला."

"दोन्ही बाजूंचे?"

"दोन्ही. लालभडक."

"आता रात्रीचे?"

"तेही लागले. लांबून दिसतील कुणालाही."

करंट खाली उतरला. मामा गाडीच्या कडेकडेनं, पत्र्यावर हात ठेवत पुढे आले.

"बाळ आणि एवढी बॅग तुझ्या स्कूटरवर कशी नेणार तू? मी सोडतो हिला. गाडीची ट्रायल पण होऊन जाईल."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं.

"जा बिनधास्त," करंट म्हणाला. "अख्ख्या पेठेत यांच्याएवढा मुरलेला ड्रायव्हर नाही."

ती बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसली. मामांनी अंगठ्यानं चावीचं भोक शोधलं, चावी घातली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. फाटकाच्या खांबापासून वीतभर अंतरानं पिकअप बाहेर पडली, एक लांबलचक हॉर्न देऊन मोठ्या रस्त्याला लागली आणि वाहनांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

ऊन उतरलं होतं. करंटनं नळावर हात धुतले. संध्याकाळी मुलगा आला की त्याला दोन शब्द सुनवायचेच, असं त्यानं ठरवून टाकलं. हत्यारं गोळा केली आणि टेस्टर शर्टाच्या खिशात सरकवला.

आत काहीतरी किणकिणलं.

त्यानं दोन बोटं घालून ते बाहेर काढलं. मागच्या दिव्यांचे दोन्ही बल्ब त्याच्या तळहातावर होते.