सहा निनावी पत्रं

“हे काम चष्मिसचंच,” असं म्हणत बाईंनी सहा पत्रं विभागातल्या तरुण संशोधिकेच्या टेबलावर आपटली. “फक्त तुझ्या यंत्राकडून वदवून घे. उद्या, संचालकांसमोर.”

पत्रं टाइप केलेली होती आणि सगळ्यांत एकच रड होती. विभागप्रमुख बाई दुसऱ्यांकडून लेख लिहून घेतात आणि वर आपलं नाव लावतात.

मजकुरावरून लिहिणारा ओळखायचा, हेच तिचं संशोधन. माणूस शब्द बदलतो, पण ‘तर’, ‘मात्र’, ‘अर्थात’ कुठे टाकायचं ही खोड सुटत नाही. यंत्र नेमकी तीच पकडायचं.

चष्मिस म्हणजे समोरच्या टेबलावरचा सहकारी. बाईंचं आणि त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. हल्ली ती जवळ गेली की तो स्क्रीन झाकायचा. आता तर तिला त्याच्या खाकरण्याचाही संशय येऊ लागला.

“तुझे जुने अहवाल हवेत,” ती सहज म्हणाली.

“कशाला?”

“सगळ्यांचेच घेतेय. चाचणी आहे.”

“घे की.” तो हसला. “फक्त फाशी द्यायच्या आधी कळव.”

म्हणजे याला कुणकुण लागली होती तर!

विभागातल्या अकराही जणांचं लिखाण तिने यंत्राला दिलं. कुणाला वगळायचं नाही म्हणून बाईंचे गाजलेले चार लेखही घातले. निकाल आला, तो पुसून तिने यंत्र पुन्हा चालवलं. मग तिसऱ्यांदा. उत्तर तेच.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत बाई ऐटीत बसल्या होत्या. चष्मिसलाही बोलावलं होतं. तो आपले बूट न्याहाळत होता.

“हं, कोण?” संचालकांनी विचारलं.

तिने निकालाचा कागद पुढे ठेवला. “हा नाही, सर. हा यादीत नववा आहे.”

“मग पहिला कोण? सांग ना!” बाई कडाडल्या.

“बाई... तुम्ही. सहाही पत्रं तुमच्या चार लेखांशी तंतोतंत जुळतात.”

चष्मिसने मान वर केली. संचालक सावकाश बाईंकडे वळले. “स्वतःविरुद्ध तुम्हीच पत्रं लिहिलीत? सहानुभूती मिळवायला?”

“काहीतरीच काय!” बाई ताडकन उठल्या. “त्या लेखांवरून माझ्यावर कसला आळ घेता? त्यातली एक ओळसुद्धा मी लिहिलेली नाही!”