ज्याची त्याची स्लाइड

पुनर्विकासाची शेवटची स्लाइड बिल्डरच्या ऑफिसातल्या ऋजुताने आठवडाभर घासूनपुसून लखलखीत केली होती. मागच्या सोसायटीत पडद्यावर नुसता मजकुराचा खच होता आणि लोकांनी प्रश्न विचारून बिल्डरला भंडावून सोडलं होतं. आज नव्या पडद्यापुढे बसलेल्या एकाही रहिवाशाच्या कपाळावर आठी नव्हती. आता हात वर झाले की महिन्याभरात घरं रिकामी करायची, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात मागून परुळेकरकाका उठले. “अहो, चष्मा घरीच राहिला माझा. कुणीतरी मोठ्यानं वाचा की.”

“प्रत्येक घराला दोन गाड्यांचं पार्किंग,” शेजारच्या घोलपांनी वाचलं.

“पार्किंग कुठंय? बाग लिहिलीय तिथे, आपला आंबा न तोडता,” खोब्रागडेबाई म्हणाल्या.

“काहीतरीच काय! देवघरासकट तीन खोल्या आहेत,” तिसरं कुणीतरी ओरडलं.

सभेत एकच गलका झाला. जो तो पडद्याकडे बोट दाखवत होता आणि कुणीच खोटं बोलत नव्हतं. पडदा प्रत्येकाचे डोळे वाचून ज्याला जे हवं तेच त्याला दाखवत होता. ऋजुताने केलेली सुधारणा ती हीच.

“पोरी, तूच बनवलंयस ना हे? मग खरं काय लिहिलंय, ते तूच वाच बघू,” काका म्हणाले.

ऋजुता पडद्याकडे वळली. अटी तिनेच टाइप केल्या होत्या, पण तिला तिथे एकच ओळ दिसत होती: ‘ठराव एकमताने मंजूर.’