रेस कोण देतं?

“ती रेस बंद करून द्या,” बाई म्हणाल्या. “कायमची.”

मेकॅनिकने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. “कुठली रेस, वहिनी?”

“उद्या एक पिवळी गाडी सर्व्हिसिंगला येईल. दोन दारांची. आमचे हे घेऊन येतील. वरच्या गिअरमधून खाली येताना ती गाडी स्वतःच रेस देते. तेवढं बंद करा.”

मेकॅनिकला हसू आलं. लोक त्या सोयीवर भाळून गाडी घेतात. गिअर खाली टाकताना इंजिनाला थोडी रेस द्यावी लागते, नाहीतर गाडी झटका खाते. ब्रेकवरच्या पायानेच, टाच तिरकी करून अ‍ॅक्सिलरेटर दाबत ती रेस द्यायची, हे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून आता ते काम गाडीवरच सोपवलेलं असतं. क्लच दाबला, गिअर खाली ओढला, की इंजिन आपलं आपण गुरगुरतं.

“चांगली सोय आहे की. बंद कशाला करायची?”

“त्यांना वाटतं, रेस गाडी देत नाही. गेलेलं माणूस देतं.”

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला.

“गाडी त्या माणसाची,” बाई सांगू लागल्या. “ते माणूस स्वतःच्या टाचेने रेस द्यायचं, म्हणून ही सोय बंदच असायची. हे शेजारी डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून वळण ओळखायचे. आजारपणात माणूस गेलं. गाडी उभी राहून राहून बॅटरी मेली. नवी बसवली तेव्हा सोय आपोआप सुरू झाली. ह्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. पहिल्यांदा गाडी घाटात घातली, गिअर खाली टाकला, आणि तोच आवाज आला. तेव्हापासून रोज जातात. वळणावर वेगात घुसायचं आणि अगदी शेवटी गिअर टाकायचा. वेग जास्त, तशी रेस मोठी. मग त्या आवाजाशी हसतात, बोलतात. एक दिवस कठडा तोडून खाली जातील हो.”

“मग सांगा ना त्यांना समजावून.”

“मी मेली शेजारीच बसलेली असते. घसा फुटेस्तोवर ओरडते. माझं त्यांना ऐकूच जात नाही.”

मेकॅनिकने मान डोलावली. त्याची बायकोही त्याच्याबद्दल हेच म्हणायची, आणि तेही चारचौघांत.

“स्टिअरिंगजवळच बटण असतं. तुम्हीच दाबून टाकायचं.”

“मला कुठे हात लावता येतोय आता!”

ह्यातही त्याला नवल वाटलं नाही. काही नवरे बायकोच्या हाती तिजोरीची किल्ली देतील, गाडीची देणार नाहीत.

“सोडून जावं म्हटलं, तर तेही होत नाही.” बाईंचे डोळे भरून आले. “जीव अडकलाय त्यांच्यात.”

गेलेलं माणूस कोण, हे मेकॅनिकने विचारलं नाही. पिवळी गाडी, दोन दारं, त्यात हाताने टाकायचा गिअर. असली हौस तरण्याताठ्या पोरालाच असायची. न सांगता समजणं हा आपला मोठा गुण आहे, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बाई शेजारच्या सीटवर होत्या. साहेब उतरले. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबत होता. बाईंकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“ब्रेक तपासा,” ते म्हणाले. “इंजिनला हात लावायचा नाही. आवाज बदलता कामा नये.”

“आणि थोडा बदलला तर?”

“तर मला जगण्यासारखं काही उरणार नाही.”

एवढं बोलून ते समोरच्या बाकावर जाऊन बसले. मेकॅनिक घुटमळला. गिऱ्हाइकाचा शब्द मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. मग त्याने गाडीच्या काचेतून आत पाहिलं. बाईंनी हात जोडले होते.

त्याने कॉम्प्युटर लावला आणि ती सोय मुळापासूनच बंद केली, म्हणजे बटण दाबूनही चालू व्हायला नको. तोवर बाई उतरून गेल्या होत्या. त्याने एकट्यानेच चक्कर मारली. तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला. गाडीने झटका खाल्ला. आवाज नाही. कुणाच्या तरी तोंडावर हात दाबल्यासारखं त्याला झालं, आणि तो घाईघाईने परत आला.

पुढचे काही दिवस पेपर हातात घेतला की तो आधी घाटातल्या अपघाताची बातमी शोधायचा. मग एका सकाळी पिवळी गाडी आली. अगदी सावकाश.

“आवाज गेला,” साहेब म्हणाले. चेहरा उतरला होता, पण दाढी केलेली होती. “वळणावर जोराचा झटका बसला. गाडी बाजूला घेतली. खाली वाकून पाहिलं. इतके दिवस ती दरी मी पाहिलीच नव्हती. घरी गेलो. दिवसभर रडलो. मग भूक लागली.” त्यांनी मेकॅनिककडे पाहिलं. “तुम्ही काय केलंत?”

मेकॅनिकच्या जिभेवर थाप तयार होती, पण ती त्याने गिळली.

“साहेब, रेस गाडीच देत होती. ती सोय असते. मी बंद केली.”

“गाडीच?”

“गाडीच. दुसरं कुणी नव्हतं.”

साहेब स्टुलावर बसले. त्यांनी तोंड ओंजळीत झाकून घेतलं. मेकॅनिकने पाणी आणून दिलं. त्याला त्या माणसाची मनापासून दया आली.

“पण मी विचारलं तरी का तुम्हाला?” साहेब म्हणाले. “कोणी सांगितलं हे करायला?”

“रागावू नका त्यांच्यावर. वहिनी स्वतः आल्या होत्या. पोटचा मुलगा जाण्याचं दुःख मोठं असतं साहेब, पण बायकोकडेही बघायला हवं. किती जीव तुटतो त्यांचा तुमच्यासाठी!”

साहेबांनी पेला खाली ठेवला.

“आम्हाला मूलबाळ नाही,” ते म्हणाले. “गाडी माझ्या बायकोची होती.”