तासभर

सुताराच्या घरात रानातली अळंबी शिजली की नियम एकच. आधी त्यानं खायची, तासभर थांबायचं, आणि त्याला काही झालं नाही तरच बायकोनं आणि लेकीनं ताटाला हात लावायचा.

त्या दुपारीही तो खाऊन घड्याळाखाली बसला. लेकीच्या पोटात कावळे ओरडत होते. "बाबा, झाला का तास?" ती मिनिटामिनिटाला विचारत होती. तास भरला तसा तो हसत उठला. "मला काय धाड भरलीय! वाढ तिला." अळंबी लेकीच्या आवडीची, म्हणून बायकोनं आपल्या वाटणीचीही तिलाच वाढली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अहो, हे विष दहा-बारा तास पोटात गप्प बसतं."

सुतार कसाबसा वाचला. लेक गेली.

आता घरात साधा भात शिजला तरी आधी तो खातो, आणि बायकोचं ताट दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवतो. ती शिळंच खाते. तास भरला की तो, लेकीसाठी केलेल्या छोट्या खुर्चीकडे बघत, रोज हळूच म्हणतो, "नाही गं बाळा, अजून नाही झाला."